समुद्राची मिसल

समुद्राच्या काठी उभे राहिल्यावाचून माणसाला स्वतःचे खरे माप कळत नाही, असे आमचे मामंजी म्हणत. ज्या आवाजात ते हे म्हणत, त्या आवाजात पूर्वी आमच्या तालुक्यात जप्तीचे हुकूम वाचले जात, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते लगेच पटे. मामंजींनी समुद्र पाहिलेला नव्हता. त्यांनी पाहिलेले सगळ्यांत मोठे पाणी म्हणजे नळदुर्गच्या किल्ल्यातल्या बंधाऱ्याचे, आणि तेही सरकारी दौऱ्यात, ऐन ज्येष्ठात, म्हणजे बंधारा होता आणि पाणी नव्हते.

मामंजी तहसील कचेरीत पेशकार होते. साहेबापुढे कागद मांडायचे, वाचून दाखवायचे, आणि साहेबाच्या तोंडून जे निघेल ते हुकूम म्हणून उतरवून घ्यायचे, हे काम त्यांनी तीस वर्षे केले. निवृत्त झाल्यावर साहेब सुटला, हुकूम सुटले नाहीत. घरातल्या प्रत्येक गोष्टीची ते मिसल उघडत. म्हैस घेतली त्याची मिसल होती, न्हाणीच्या पन्हळीची होती, आमच्या लग्नाचीही होती. जाड कागद कोपऱ्यात टोचून लाल दोऱ्यात ओवलेले, वर विषय, आत अर्ज, अर्जावर शेरा, शेऱ्यावर हुकूम. सगळे उर्दूत, कारण निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा ती, आणि आमचे घर ही त्या कचेरीची शेवटची शाखा होती.

एका दिवाळीत हकिमांनी मामंजींच्या दम्यावर समुद्राची हवा सांगितली आणि पाडव्याला समुद्राची मिसल उघडली गेली. वैशाखात सहकुटुंब कोकणात जायचे. येडशीहून छोट्या गाडीने मिरज, पुढे कोल्हापूर, तिथून मोटारीने घाट उतरून खाली. वैशाखाला आमच्या घरात तीर महिना म्हणत. कचेरीचे फसली महिने मामंजींच्या अंगवळणी पडले होते आणि पंचांग त्यांना खाजगी बाब वाटे.

त्या घरात समुद्र पाहिलेली मी एकटी. माझे माहेर रत्नागिरीकडच्या एका खाडीवर. भरतीला पाणी आमच्या परसातल्या शेवटच्या माडाला लागून परत जाई. वडील काही वर्षे बार्शीला, म्हणजे इंग्रजी हद्दीत, नोकरीला होते. तिथून धाराशिव जवळ, म्हणून हे स्थळ आले. लग्न झाले, वडील निवृत्त होऊन खाडीवर परत गेले आणि मी हद्दीच्या या बाजूला राहिले. चार वर्षे माहेरी जाणे झाले नव्हते. त्याच दिवाळीत वडिलांचे पत्र आले. आईची नजर उतरत चालली आहे, असे त्यात होते. माणूस ओळखते, पण दारातून आत आल्यावर. डॉक्टर म्हणतात, अजून वर्षभर थोडेफार दिसेल. पत्राच्या शेवटी नेहमीप्रमाणे भातकापणीची हकिगत होती.

मी ते पत्र पेटीत, माझ्या पुस्तकांच्या खाली ठेवले. पेटीभर मराठी पुस्तके मी माहेराहून आणली होती आणि सगळी दोनदा वाचून झाली होती. पण या घरात वाचता येणे म्हणजे उर्दू वाचता येणे. त्या हिशेबाने घरात निरक्षर दोघी, सासूबाई आणि मी. सासूबाईंना त्याचे काही वाटत नसे.

संध्याकाळी ओट्यावर मसलत चाले. मामंजी, माझे यजमान, आणि पेठेतले एक आडते, ज्यांना सगळे अप्पा म्हणत. अप्पा कपाळावर भस्माचे पट्टे ओढून येत. एकदा शेंगांच्या सौद्यासाठी ते मुंबईला जाऊन आले होते, म्हणून समुद्राच्या बाबतीत त्यांचा शब्द प्रमाण.

"लाटा किती वाजता येतात, अप्पा?" मामंजींनी विचारले.

"येतच ऱ्हात्यात की, साहेब. दिवसभर."

"दिवसभर? मग माणसानं काठाला जायचं कधी?"

"जायचं, बघायचं अन् माघारी यायचं. पाणीच हाय लई. पिताबी येत न्हाय."

आत ज्वारी निवडणाऱ्या सासूबाईंनी हे ऐकले. त्यांचे माहेर तेरचे. "पिता येत न्हाय ते पाणी बघायला येवढ्या लांब जायचं व्हय? आमच्या तेरणेला काय झालंय?"

"तेरणेला पाणी नसतं," मामंजी म्हणाले.

"नसंना. पर असतं तवा गोड असतं."

मामंजींनी मिसलीचे पान उलटले. अप्पा पुढे सांगू लागले, की समुद्र रोज संध्याकाळी बरोबर सातला पुढे येतो, आपण स्वतः घड्याळ लावून बघितले आहे. मी स्वयंपाकघराच्या दारात पिठाचे हात घेऊन उभी होते. मला राहवले नाही.

"भरती दिवसातून दोनदा येते," मी म्हणाले. "आणि वेळ रोज पुढं सरकते."

परक्या माणसासमोर सून बोलली होती. मामंजींनी माझ्याकडे न बघता ह्यांना विचारले, "आत काय म्हणाली?"

"दोनदा म्हणते."

"अन् रोज पुढं सरकते?"

"तसं म्हणते."

मामंजींनी टाक बुडवला आणि काहीतरी लिहिले. "मुंबईत तरी सातालाच येतं," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वाढता वाढता मी धीर करून सांगितले, की माझे माहेर त्याच वाटेवर आहे, तिथे मुक्काम करता येईल. आईच्या डोळ्यांचे सांगणार होते, तेवढ्यात मामंजी म्हणाले, "नोंद घेतो." जेवण झाल्यावर त्यांनी मिसलीत दीड ओळ लिहिली. ती दीड ओळ मी लांबून पाहिली. महिनाभर मी तिच्यावर राहिले. त्या दीड ओळीत मी कधी घाट उतरत असे, कधी अंगणात पाय धूत असे. पण ती काय म्हणते हे मला वाचता येत नव्हते, आणि विचारायचे कुणाला, तेही कळत नव्हते. हे दिवसभर कचेरीत मिसली वाचत. घरी आणखी एक वाचा म्हणणे जिवावर येई.

शेजारी एक म्हाताऱ्या मुसलमान बाई राहत, सगळे त्यांना खाला म्हणत. त्यांचे यजमान उर्दू शाळेत शिक्षक होते, ते वारले, मुलगे हैदराबादला. दुपारी त्याही एकट्या, मीही.

"उर्दू? कायकू गे बेटी?" त्यांनी विचारले. "कचेरी में नौकरी करती क्या?"

"मिसल वाचायची आहे."

"किसकी?"

"समुद्राची."

खाला सुपारी कातरायच्या थांबल्या. "समुंदर पे बी मुकदमा चलता क्या? चलता हुइंगा. तुमारे सुसरे का कुछ भरोसा नै."

पाटीवर अक्षरे झाली, मग कागदावर. कचेरीतले अक्षर छापलेल्यासारखे नसते, ते धावत असते, त्यामुळे खाला मला नवऱ्याची जुनी पत्रे वाचायला देत. मी अडखळत एक शब्द लावी, तोवर खाला डोळे मिटून पुढची ओळ म्हणत. पत्रांत विशेष काही नसे. मोरीचा दगड बसवून घे, मी गुरुवारी येतो. ते गुरुवारी येण्याचे त्या पुन्हा म्हणायला लावीत.

चैत्रात मामंजी आणि सासूबाई तुळजापूरला दर्शनाला गेले, हे कचेरीत होते. मी फळीवरून मिसल काढली.

प्रवासाला जाणाऱ्यांची यादी पहिल्याच पानावर होती. मामंजी, सासूबाई, हे, आणि अप्पा, समुद्राचे जाणकार म्हणून. माझी भरतीची माहिती पुढे सापडली: 'एका विश्वासू व्यक्तीकडून असे कळते की'. मग 'घराचा बंदोबस्त' असे पान होते. कुलूप, एक. म्हैस, दुभती, एक. सून, एक. खाली शेरा: सून घरी राहत असल्याने म्हशीचा प्रश्न उद्भवत नाही. आणि त्याखाली ती दीड ओळ: मुक्काम सुनेच्या माहेरी करता येईल, राहण्याची सोय चांगली असल्याचे ती सांगते.

म्हणजे माझे सासर माझ्या आईच्या पडवीत बसून तिला माझी खुशाली सांगणार होते. यात दुष्टपणा नव्हता. मामंजी दुष्ट असते तर मला रडता तरी आले असते. त्यांनी फक्त रकाने भरले होते, आणि घर उघडे टाकून जायचे नाही, एक बाई मागे ठेवायची, ही रीत सगळीकडचीच.

मग त्या घरात जे करता येण्यासारखे होते ते मी केले. मी अर्ज लिहिला. उर्दूत, उजवीकडून डावीकडे, ठिपके मोजून. आईची नजर जात आहे. तिला दिसते आहे तोवर एकदा तिच्यासमोर उभे राहण्याची परवानगी मिळावी. अर्जदारास भरती-ओहोटीची माहिती आहे. कागद टोचला, लाल दोऱ्यात ओवला आणि मिसल होती तशी ठेवली. ह्यांना सांगितले नाही, खालांनाही नाही.

तिसऱ्या दिवशी मामंजींनी मिसल उघडलेली मी दारातून पाहिली. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ वाचले. अर्ज चार ओळींचा होता. मग तांबडी शाई मागवली. त्या रात्री जेवणे झाल्यावर ते भिंतीकडे बघत म्हणाले, "कुणाला काही विचारायचं आहे का?"

हे नाही म्हणाले. मीही नाही म्हणाले.

"मला विचारायचंय," सासूबाई म्हणाल्या. "ह्या समुद्रापायी लोणचं घालायचं ऱ्हायलंय. घालू का नको?"

"घाला."

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्यांनी तेच विचारले, तिसऱ्या दिवशीही. असे पाच दिवस चालले. सहाव्या दिवशी त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिले. "सूनबाई, तुम्हाला काही विचारायचं आहे का?"

"नाही, मामंजी."

मी ताट उचलून आत गेले. मला वाटले, ते मला माफी मागायची संधी देत आहेत. मिसलीला हात लावला होता, तो गुन्हा मोठा होता. पण माफी मागायची माझी तयारी नव्हती, म्हणून मी नाही म्हणत राहिले. सातव्या दिवशी मिसल फळीवरून नाहीशी झाली आणि निकालात निघालेल्या मिसलींच्या ट्रंकेत गेली. ट्रंकेची किल्ली मामंजींच्या कमरेला असे. मी काय समजायचे ते समजले.

वैशाख आला आणि गेला. समुद्राचे नाव कुणी काढले नाही. म्हैस तेवढी त्या महिन्यात अप्पांच्या मळ्यावर नेऊन ठेवली होती. का, ते कुणी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. चाऱ्यासाठी असेल असे वाटले. गोठा रिकामा, ओटा रिकामा. आषाढात अप्पांनी विषय काढला तर मामंजी म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी दम्याने मामंजी गेले. त्यानंतर हद्दीवर गडबड सुरू झाली, नाक्यांवर झडत्या, गाड्यांचा भरवसा नाही. खालांना मुलगे हैदराबादला घेऊन गेले. जाताना त्यांनी पत्रांचे पुडके बरोबर नेले आणि पाटी मला दिली. मग राज्यच गेले, वाटा मोकळ्या झाल्या आणि मी माहेरी गेले.

आई पडवीत बसली होती. मी आत आले तरी तिने ओळखले नाही. मी बोलल्यावर ओळखले. तिने माझा हात हातात घेऊन तळवा चाचपला.

"खरखरीत झालाय. म्हैस आहे वाटतं तिकडं?"

"आहे."

"दूध चांगलं देते ना?"

"देते."

तिने तोंड खाडीकडे वळवले. "भरती आहे का गं आता?"

मी बाहेर बघून ओहोटी आहे म्हणून सांगितले. "ते ऐकू येतंच," ती म्हणाली. "तरी विचारलं."

संध्याकाळी मी मुद्दाम समुद्राकाठच्या पुळणीवर जाऊन मामंजी सांगत तशी उभी राहिले. माप काही कळले नाही. पाय ओले झाले.

ट्रंकेची किल्ली सासूबाईंनी माझ्या हाती दिली त्याला आणखी काही वर्षे लागली. माझ्या अर्जावर तांबड्या शाईत, अर्ज वाचला त्याच दिवशीचा हुकूम होता. मंजूर. भरतीची माहिती असलेली व्यक्ती सोबत असल्याशिवाय कुणीही जाऊ नये. म्हैस महिनाभर अप्पांच्या मळ्यावर ठेवावी. अर्जदाराने विचारणा करताच हुकूम कळवावा.

निजामाच्या कचेरीत हुकूम आपण होऊन कुणाला सांगत नसत. ज्याचा अर्ज त्याने येऊन विचारायचे, विचारले की सांगायचे. ज्याचे कधी कचेरीत काम पडले अशा प्रत्येक माणसाला हे ठाऊक होते. मी फक्त अक्षरे शिकले होते. हुकुमाखाली सहा दिवसांच्या सहा नोंदी होत्या, प्रत्येकीत तेच दोन शब्द: विचारणा नाही. सातवी नोंद: अर्जदाराने पाठपुरावा न केल्यामुळे अर्ज खारीज, सफर रद्द, दाखल दफ्तर.

म्हशीबद्दलचा हुकूम रद्द करायचे मात्र राहून गेले होते, त्यामुळे तो वेळेवर अमलात आला. अप्पांचा मळा तेरणेच्या डोहावर होता. त्या वैशाखात आमच्या घरातून पाण्याकाठी राहायला एकटी म्हैस गेली.