दाराबाहेर बसणाऱ्या डॉक्टरबाई

डॉ. कुमुद येरणे यांची माझी पहिली भेट नागभीडच्या एका शाळेत, बालहृदय तपासणीच्या शिबिरात झाली. मी नवी समुपदेशक, फायली नीट लावून अदबीने उभी होते. बाईंनी फायलींकडे पाहिलेही नाही. रांगेतल्या आया सकाळपासून जेवल्या का, एवढेच विचारले. जेवल्या नव्हत्या, मग आधी पंगत बसली. मी स्वभावाने शिस्तीची, घरच्यांच्या भाषेत खडूस. मला ते मुळीच आवडले नाही.

बाईंच्या साठीनिमित्त त्यांच्या कामाबद्दल पुष्कळजण लिहितील. मी माझ्या एका चुकीबद्दल लिहिणार आहे.

गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गोंड गावातली सोमारी चार वर्षांची होती. हृदयाला छिद्र होते. जरा चालली की धाप लागे, ओठ आणि नखे निळी पडत. नागपूरला शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. वडील म्हणाले, "गावाले विचारून सांगतो." आठवडा गेला, निरोप नाही. मी 'पालकांचा नकार' असा शेरा मारून सोमारीचे नाव काटले आणि तिची तारीख दुसऱ्या मुलाला दिली.

ते नाही म्हणाले का, असे बाईंनी विचारले. मी फाईलमधला शेरा दाखवला. दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या बसने निघाल्या, पुढे पायी. गावात कळले, की असा निर्णय तिथे एकट्या बापाचा नसतो. सगळे गाव बसते, पेनाला म्हणजे त्यांच्या देवाला विचारते. धानाच्या रोवण्यामुळे बैठक लांबली होती, इतकेच. तोवर सोमारीची धाप मात्र वाढली होती. त्याच दुपारी बैठक झाली. पेनाचा कौल मिळाला, तरी एका वृद्धांची शंका उरली.

"काळीज उघडाल, तवा पोरीचा जीव कुठी राहील?"

मला हसू येत होते. बाई हसल्या नाहीत.

"जीव तिच्यातच राहील, भाऊ. आतमंधी शिवणारे डॉक्टर राहतील. मी बाहेर तिच्या मायजवळ बसून राहीन."

"बसान ना? मंग घेऊन जा."

बाईंनी विनवण्या करून नवी तारीख मिळवली आणि दिलेला शब्द पाळला. शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर त्या सोमारीच्या आईजवळ फरशीवर बसल्या, मीही तिथेच होते. आत काय चालले आहे ते तिला समजेल असे सांगत राहिल्या. तासांमागून तास गेले, बाई चहालाही उठल्या नाहीत. पुढे लेकीजवळ सोडले तेव्हा त्या माऊलीने तिचे एकेक बोट हातात घेऊन पाहिले. नखे गुलाबी होती. आम्ही तिघीही रडलो. तेव्हापासून प्रत्येक मुलाच्या वेळी बाई बाहेर बसतात.

त्या दिवशी नाव कुणी काटले होते, हे बाईंनी आजवर कुणाला कळू दिले नाही. सोमारीच्या आईबापांनाही नाही. म्हणून ते आज मीच लिहिले. सोमारी आता पाचवीत आहे आणि शाळेत पळत जाते. बाई, आपणांस उदंड, निरोगी आयुष्य लाभो. माझ्यासारख्यांच्या हातून अजूनही नावे काटली जातात.