बेरोजगार असल्याचा दाखला

आमच्या अमरोलीच्या ट्रेनिंग सेंटरात कागद कधी वेळेवर सापडत नाहीत, पण किस्से? विचारूच नका! चहाला बसलं की एकातून दुसरा निघतोच. माझं पद मोबिलायझर. म्हणजे कोसाडच्या आवासात, म्हणजे सरकारी घरांच्या वसाहतीत, दारोदार फिरायचं, बेरोजगार पोरं-पोरी गोळा करायच्या आणि सरकारी खर्चाने शिलाई शिकायला बसवायच्या. सुरतेत बेरोजगार शोधणं सोपं वाटतं ना? करून बघा एकदा. इथे प्रत्येकाच्या हाताला काही ना काही चिकटलेलं असतं.

* * *

ज्योतीचंच बघा. वय एकवीस, आईबाप धुळ्याकडचे. घरी बसून एका शेठच्या साड्यांवर स्टोन, म्हणजे चमकीचे खडे, चिकटवायची. तिला हवं होतं फक्त शिलाईचं सर्टिफिकेट. ते दाखवलं की रेडिमेडच्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून घेतात, पीएफ कापतात.

आमचे सेंटर हेड जिग्नेशभाई म्हणाले, काम करते म्हणजे बेरोजगार नाही, स्कीममध्ये बसत नाही. मी भांडले. घरी बसून स्टोन चिकटवणं ही काय नोकरी झाली? शेवटी ठरलं, ती नोकरीला नाही असं शेठकडून लिहून आणायचं. शेठ भला माणूस. त्याने चक्क लेटरहेडवर लिहून दिलं:

"ज्योतीबेन माझ्याकडे तीन वर्षांपासून बेरोजगार आहेत. काम चोख, एकही सुट्टी नाही."

पत्र पास झालं. वाचलं कोणी असेल असं मला वाटत नाही.

* * *

त्याच बॅचला एक मुलगा आला. बीकॉम झालेला, पण स्कीम कमी शिकलेल्यांसाठी, म्हणून आठवी पास लिहिलं. शिरलाही असता. पण छापील फॉर्ममधल्या इंग्रजीच्या चार चुका त्याला बघवल्या नाहीत. पेनाने सुधारूनच फॉर्म परत दिला, आणि सापडला!

* * *

मग समुपदेशनाचा तास. कोट घातलेले एक सर आले. तासभर सांगत होते, नोकरी मागू नका, नोकरी देणारे व्हा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. नंतर चहा पिताना मला बाजूला घेऊन विचारतात, "बेन, माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होईल का हो?"

* * *

शिलाई मशिनं दहा होती. नवी कोरी, प्लॅस्टिकमध्ये. इन्स्पेक्शनपर्यंत नवीच दिसली पाहिजेत म्हणून हात लावायचा नाही. दोन आठवडे पोरी वहीत मशीनचं चित्र काढत होत्या. तिसऱ्या आठवड्यात ज्योती उठली आणि कात्रीने सरळ प्लॅस्टिक फाडलं. जिग्नेशभाई तावातावाने आले, पण तोवर तिने एक बाही शिवून काढली होती. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. त्यानंतर दहाही मशिनं चालू झाली.

* * *

आणि मग हजेरीचं यंत्र आलं. अंगठा लावा, हजेरी लागेल. हजेरी कमी भरली तर सर्टिफिकेट नाही. सगळ्यांचे अंगठे लागले, ज्योतीचा लागेना. स्टोन चिकटवायच्या सोल्युशनने तिच्या अंगठ्याच्या रेषाच खाल्ल्या होत्या. यंत्रवाल्याने बघितलं आणि सांगितलं, काम थांबवा, कातडी नवी आली की लागेल. ती रोज वर्गात बसायची आणि यंत्रात रोज गैरहजर!

मी तिच्या घरी गेले. तिच्या आईने अहिराणीत एवढंच विचारलं, "मंग आते खावानं काय?" ज्योतीने तरीही काम सोडलं. शेठ थोडा थांबला, मग साड्या दुसऱ्या घरी दिल्या.

महिन्याने यंत्रात हिरवा दिवा लागला. सगळा वर्ग ओरडला, मी रडले. पण आधीचे दिवस गेले ते गेलेच. मी वरपर्यंत अर्ज केले. उत्तर आलं, यंत्र खोटं बोलत नाही. तिला सर्टिफिकेट मिळालं नाही. फार राग आला मला, आजही येतो.

शेवटच्या दिवशी गांधीनगरचे साहेब आले. फॉर्म घेऊन एकेकीला विचारत होते, आलीस तेव्हा काय होतं, आता काय आहे? जिग्नेशभाई मागून खुणा करत होते, चांगलं बोल म्हणून. ज्योती उभी राहिली.

"साहेब, आले तेव्हा काम होतं, अंगठा नव्हता. आता अंगठा आहे."