हरणीचा घास

एकवीस जानेवारी. हरणीचा कोट बादलीत भिजत घातलाय. कुसुमकाकूंनी तो आपल्या जुन्या घोंगडीचा शिवला होता, गळ्याला स्वतःच्या लुगड्याचा काठ लावून. साबण लावला तरी काठाला तिचे भुरे केस चिकटून आहेत. ते हाताने निवडतेय.

काकूंचं घर माझ्या खानावळीला लागून, अमरावतीच्या बडनेरा रस्त्यावर. मागच्या वाडीत त्या शेवंती लावत, पुढच्या ओसरीवर बसून हार ओवत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते काठी घेऊन फाटकात उभ्या असताना. आत हरणी जेवत होती. काठी कुत्रीसाठी नव्हती, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी होती.

हरणी सालुकी. वाळवंटातली, नजरेवर शिकार करणारी जात. लांब निमुळतं तोंड, मुठीत मावेल अशी कंबर, उघड्या बरगड्या. पाहणाऱ्याचा जीव कळवळायचा आणि फाटकावरून पोळी पडायची. काकू ती काठीने परत बाहेर ढकलत.

"देवाच्या हाराले सूत पुरते, कुत्रीले पोळी नाही पुरत," बायका ऐकू जाईल असं बोलत.

"काहून, तुमच्या म्हशीवानी करू का तिले?" काकू म्हणत. "हड्डी दिसली म्हंजे भूक दिसली का वो?"

त्यांचा मुलगा विलास दुबईकडे अशा कुत्र्यांच्या देखभालीला होता. परत येताना हे पिल्लू घेऊन आला. मग त्याला पुण्यात नोकरी लागली, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत हरणीचं काय होणार, म्हणून ती आईकडे राहिली. जाताना त्याने बजावलं होतं की हिची छाती खोल असते, पोट भरून धावली तर पोटाला पीळ बसतो आणि जनावर जातं. काकूंनी त्याचं एक वाक्य करून टाकलं. "थोडं दे, बांधून ठेव, मंग लाड कर." हे त्या कुत्रीबद्दल बोलत आणि नातवंडांबद्दलही.

मी दिवसभर लोकांना वाढणारी बाई. माझाही हात फाटकाकडे जायचा. "संगीता, तू गावाले जेवू घाल," काकू म्हणत, "हिले मी पाह्यतो."

पहाटे, जेवणाआधी, त्या तिला वाडीच्या तारेच्या कुंपणात मोकळी सोडत. धावताना तिचा आवाज होत नसे. शेवंतीची रोपं तेवढी एकामागून एक हलत. काकूंचे गुडघे गेलेले. दारात खांबाला धरून उभ्या राहत. "पाह्य, माह्या वाटणीचं धावून राहिली," म्हणत.

थंडीत काकूंच्या छातीत कफ साठला. दवाखान्यात मी गेले तेव्हा त्यांनी स्वतःचं काही विचारलं नाही. "विलास मऊ हाय," म्हणाल्या. "त्याच्यावर सोडू नको. थोडं दे, बांधून ठेव." पुढचं त्यांना दम लागल्याने म्हणता आलं नाही. दोन दिवसांत गेल्या.

हरणीने अन्न जवळजवळ सोडलं. माझ्या तळहातावरचं पाणीदार वरण चाटायची, तेवढंच.

काल तेरावं होतं. स्वयंपाक माझाच. मी सकाळीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की हरणीला कोणी काही घालायचं नाही, आणि तिला मागे बांधलं होतं. मी पुढे मांडवात पंगत वाढत होते. मागे गाईचा घास ठेवला, कावळ्याचा ठेवला आणि कुत्र्याच्या घासाचं पान तिवशाच्या वत्सलाबाईंनी, म्हणजे काकूंच्या जावेने, उचललं. "दुसरं कुत्रं काहून पाह्यजे? कुसुमबाईचा जीव हिच्यात होता."

आणि हरणी जेवली. वडा, भात, खीर, सगळं. "जेवल्या वो, बाई जेवल्या," म्हणत बायका रडायला लागल्या. मग प्रत्येकीने आपल्या पानातला घास नेला. तेराव्याचा घास नको कोण म्हणणार? शेवटची पुरी विलासने भरवली. जो हे सगळं आईला शिकवून गेला होता, त्याने. भरवली आणि गळ्यातली दोरी काढली. "आज मोकळी राहू दे."

ती शेवंतीत धावली. माणसं हात जोडून बघत होती.

मी मागे आले तेव्हा तिला उलटीच्या उबळा येत होत्या आणि काही पडत नव्हतं. पोट नगाऱ्यासारखं. इथल्या डॉक्टरांनी बोटाने वाजवून पाहिलं. पीळ बसलाय, ऑपरेशन लागेल, लगेच अकोल्याला न्या, म्हणाले. विलासने गाडी काढली. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मूर्तिजापूरच्या अलीकडे हिरड्या पांढऱ्या पडल्या, मग श्वास थांबला. मी सांगितलं तेव्हा विलासने गाडी कडेला घेतली.

"आईले काय सांगू आता?" तो म्हणाला.

"गाडी वळव," मी म्हटलं.

शेवंतीच्या कडेला पुरलं.

आज वत्सलाबाई तिवशाला निघाल्या. पिशवी घेऊन माझ्या बादलीजवळ थांबल्या. "भरल्या पोटी गेली माय. कुसुमबाईनंच नेलं तिले. कशी जेवली न माह्या हातून." विलास नळाशी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खाली. वाटेसाठी बांधलेल्या दशम्या मी वत्सलाबाईंच्या पिशवीत टाकल्या. "ऊन चढायच्या आत निघा," म्हटलं.

बावीस जानेवारी. सकाळी कोट वाळला होता. शिवण उसवली, चार तुकडे केले आणि गरम पातेली उतरवायला शेगडीजवळ ठेवले.