मीटिंग वाजवणारा प्रोग्राम

नोकरी गेल्यावर मी जे प्रोग्राम लिहिले, त्यांतले दोन चारचौघांत सांगता येतात. एक मुरुड बंदरावरची भरती-ओहोटी सांगणारा, दुसरा काशीदला मेहुण्याच्या लॉजसाठी खोल्यांचं बुकिंग घेणारा. दोन्ही अजून अर्धवट आहेत. तिसरा पुरा झाला आणि कुठेही न अडखळता चालला. त्याच्याबद्दल मी बाहेर कुणाशी बोललेलो नाही.

कंपनीने आमची अख्खी टीम काढली तेव्हा मी मुरुडला, घरच्या माडीवरूनच काम करत होतो. त्यामुळे घरात कुणाला कळायचं कारण नव्हतं. सकाळी आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, कानाला हेडफोन. पगाराच्या तारखेला बचतीतले पैसे घरखर्चाच्या खात्यात. फक्त मीटिंगची रिंग वाजेनाशी झाली.

"बाला, तुजा सायेब मेला का काय? येक पन फोन न्हाय," आई खालून म्हणाली. ती हसत होती.

त्याच दुपारी मी प्रोग्राम लिहिला. कामाच्या दिवशी, अधूनमधून, लॅपटॉपवर अगदी तीच रिंग वाजवायची. रोज वेळ थोडी मागेपुढे करून. हे मागेपुढे करणं मला आपसूक सुचलं, याची अजून लाज वाटते. रिंग वाजली की आई मिक्सर बंद करायची. अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळेसुद्धा आवाज न करता हाकलायची. आणि मी वर भिंतीकडे तोंड करून इंग्रजीत बोलायचो.

पुढे आई मोरीत पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि उठायला-बसायलाही तिला माणूस लागू लागलं. बायको गावातल्या शाळेत शिकवते. एका संध्याकाळी मासे साफ करता करता ती म्हणाली, "मी शाळा सोडते. तुम्हाला काही मीटिंगमधून उठता येत नाही. नारळी पौर्णिमा झाली की राजीनामा देते."

यापुढे घर तिच्या शाळेवरच चालणार होतं, हे मला एकट्याला ठाऊक होतं. मी म्हणालो, "बघू."

रोज सकाळी सांगायचं ठरवत होतो. तेवढ्यात रिंग वाजायची आणि मी वर पळायचो.

नारळी पौर्णिमेला मला सुट्टी आहे, असं मीच घरी सांगितलं होतं. प्रोग्रामला सांगायचं राहिलं. त्यात मी शनिवार-रविवार तेवढे वगळले होते. बंदरावर नारळ वाहून परत आलो, तर आई खाटेवरून म्हणाली, "तुजा सायेब वर कवापासून वाजतोय. ती गेली हाय सांगायला, आज सन हाय म्हनून."

मी जिना चढलो. बायको लॅपटॉपसमोर उभी होती. रिंग थांबली होती. पडद्यावर एक काळी चौकट, तिच्यात प्रोग्रामच्या ओळी आणि डोक्यावर फाइलचं नाव, रोमन अक्षरांत: खोटी मीटिंग. फाइल जे करते तेच तिचं नाव ठेवायचं, ही आम्हा लोकांची सवय.

"कोण करतं हे फोन?"

"मीच."

"आणि नोकरी?"

"गेली. शिमग्यालाच."

"मी त्या डब्याला नमस्कार साहेब म्हणाले," ती म्हणाली. "म्हटलं, ते संध्याकाळी करतील." मग तिने लॅपटॉप मिटला. "उद्या मी राजीनामा देणार होते. तुम्ही देऊ दिला असता?"

नाही म्हणणं सोपं होतं. ओठांवर आलंही होतं.

"बहुतेक दिला असता," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिथूनच हेडबाईंना फोन लावला. शाळा सोडत नाही म्हणून सांगितलं, दोनदा माफी मागितली. चूक तिची असल्यासारखी. मग खाली उतरली. मी मागोमाग.

"आई, उद्यापासून तुम्हाला उठवायला-बसवायला हे असतील."

"आनि त्याचा सायेब?"

बायको दाराशी थांबली. उत्तर मीच द्यायचं, हे तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं. मी खाटेच्या कडेला बसलो.