गल्लीतला चुना

आमच्या समोर राहणारा गडी दोन वर्षं ग्रीसच्या एका बेटावर ऑलिव्हच्या बागेत कामाला होता. परत आल्यावर गावानं विचारलं, तिथं काय बघितलं? "शेळ्या," तो म्हणाला. आणि समुद्र? "व्हता की. खारट." गावाला याहून जास्त काही कळलं नाही.

पण पाडवा जवळ आला की तो बादलीत चुना कालवतो आणि ओणवा होऊन गल्लीतल्या फरशीच्या फटी पांढऱ्या करत जातो. त्या बेटावर वसंतात सारं गाव असंच करतं, हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही माझ्या चपलेवर चुना सांडला म्हणून. आमच्याकडं मंत्री येणार असला तरच चुना पडतो. त्यामुळं यंदा नवे सरपंच धापा टाकत आले.

"कोण यायलंय बे? मला कावून सांगितलं न्हाई?"

"सांजच्याला कळंल," तो मान वर न करता म्हणाला.

सरपंचांनी तालुक्याहून हार मागवला. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर थांबला. सहा महिने ऊस तोडून आमचीच माणसं परत आली होती. सगळ्यात आधी एक म्हातारी उतरली, काखेत कोंबडी घेऊन. सरपंच हार धरून तसेच उभे राहिले.

"घाला की," तो म्हणाला.