न थांबणारी बोट

हेंद्रेपाड्यात आमच्या समोर राहणाऱ्या काकूंचा मुलगा युद्धनौकेवर आहे. सध्या त्याचा फोन लागत नाही. मी कॉलेजात जातो, म्हणून त्या मेथी निवडता निवडता मलाच विचारतात, "एवढी मोठी बोट उपग्रहातून दिसत असेल ना रे?"

"दिसते काकू, पण ती थांबत नाही. क्षेपणास्त्र येईपर्यंत कुठल्या कुठे जाते." मी एवढंच वाचलंय.

परवा उल्हासनगरच्या बाजारात आमची चुकामूक झाली. फोनवर मी दुकान सांगायचो, त्या पोचेपर्यंत त्यांनाच शोधत पुढे गेलेलो असायचो. शेवटी घामाघूम होऊन भेटल्या. मला वाटलं, आता ओरडणार. पण त्यांचा चेहरा फुलला होता.

"लाल शर्टातला एवढा घोडा भरदिवसा मला सापडेना! मग त्या शत्रूला समुद्रात माझा पोरगा कसला सापडतोय?"