कोमट भात

मी लिहावं एवढं माझं वाचन नाही, वयही नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. काही चुकलं तर सांभाळून घ्या. हे कुणाला तोंडानं सांगायला गेलो की मान खाली जाते, म्हणून लिहितो.

माझी माय अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या गावी शाळेची खिचडी शिजवायची. तिच्या हातची खिचडी खायला मास्तर लोकही थांबत. मी नांदेडला सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला आलो, तशी ती रोज सकाळी माझा डबा भरून फाट्यावर नांदेडच्या एसटीत द्यायची. कंडक्टर तो स्टँडवर उतरवून ठेवायचे. कॉलेज सुटलं, ऊन कललं की मी आणायचो.

मार्चमध्ये एकदा जेवून थोडा वेळ होतो न होतो तोच उलट्या सुरू झाल्या. खोलीतला जोडीदार पाठ चोळत म्हणाला, "जंतूंचा डॉक्टरच आडवा! सांग बे आता, कोणता होता?"

माझा संशय बॅसिलस सिरियसवर होता. नुकताच शिकलो होतो. हा मातीतला जीव तांदळाला चिकटून घरात येतो. भात शिजला तरी त्याचे बीजाणू मरत नाहीत. भात बराच वेळ कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. त्या विषाला ना वास, ना चव. भात पुन्हा गरम केला तरी ते जात नाही.

दुसऱ्या दिवशी मायला फोन लावला. जोडीदार ऐकत होता, म्हणून जरा शहरी आवाज काढला. "भात पाठवू नको. तुझ्या भातात जंतू होतात. त्यानंच मला उलट्या झाल्या."

ती म्हणाली, "आंघोळ केल्याबिगर म्या चुलीला हात लावत न्हाई, लेकरा. तांदूळ चांगले धुऊन घेते."

"तसं नाही गं, माय..."

"तू शिकलेला हाइस. तू म्हनतोस तर आसंल."

दोष तिच्या हातांचा नव्हता. बसमधल्या उकाड्याचा होता, आणि ऊन कलेपर्यंत डबा स्टँडवर पडू देणाऱ्या माझा. चुलीवरून उतरून लगेच ताटात पडणाऱ्या खिचडीला तर हे भय फारसं नसतंच. एवढंच सांगायचं होतं. पुढच्या फोनला सांगू म्हटलं, आणि तेव्हाही जीभ रेटली नाही. डब्यात आता भाकरी अन् शेंगदाण्याची चटणी यायची. मी खात राहिलो.

परीक्षा आटोपली त्या दिवशी चुलतीचा फोन आला.

"तुला म्हाईत न्हाई का रे? तुझ्या मायनं शाळंची खिचडी सोडली. हेडमास्तर घरी येऊन गेले, तरी आयकंना. मनते, माझ्याच लेकराला बाधलं, उद्या लोकाच्या लेकरायला बाधलं तर कुठं तोंड दावू?"